बेड एकचं कारण

३ मार्च, मंगळवार

चिमटे! कपडे वाळत घालायचे चिमटे! इंग्रजी शिकवायला बाई चिमटे घेऊन आल्या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली. मला वाटलं, आता धुणं काढतात की काय. तर प्रत्येकाला कागदाच्या दोन पट्ट्या दिल्या. एकीवर एक छोटं वाक्य, दुसरीवर दुसरं. मग दोन्ही पट्ट्यांची टोकं एकावर एक धरायची आणि दोरीवर चिमटा लावायचा. चिमट्यांवर शाईनं लिहिलेलं — अँड, बट, सो, बिकॉज. म्हणजे आणि, पण, म्हणून, कारण. एवढे चार हाताशी असले की तुटक बोलणं संपलं, म्हणे.

माझ्या शेजारी न्हावी बसतो. बाहेरगावची गिऱ्हाइकं येतात, त्यांच्याशी गप्पा मारायला त्याला इंग्रजी हवंय. त्यानं लिहिलं, आय कट हेअर. दुसऱ्या पट्टीवर, आय हॅव नो हेअर. कुठला चिमटा लावू म्हणून विचार करत बसला. मी पटकन 'सो' लावून टाकला. मी केस कापतो, म्हणून मला केस नाहीत!

वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, "आजी, इथे बट बसेल."

मी म्हटलं, "बाई, आधी त्याचं डोकं बघा, मग सांगा. आणि आजी नका म्हणू. मी वृद्धाश्रमात कामाला आहे, तिथे नव्वदीची माणसंसुद्धा मला मावशी म्हणतात."

बाईंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते!

४ मार्च, बुधवार

मोठ्या सिस्टरनं आज परत आठवण करून दिली. नवे डॉक्टर शनिवारचे येतात, त्यांना आपली भाषा वाचता येत नाही. म्हणून ड्यूटीच्या वहीत जे लिहायचं ते इंग्रजीत. "महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर मावशी, धुलाईखान्यात जावं लागेल."

मी म्हटलं, "जाईन की. चिमट्यांचा अभ्यास चालूच आहे माझा."

तिला काही कळलं नाही.

पण मला हॉल सोडायचा नाही. नऊ बेड, नऊ तऱ्हा. गावच्या शाळेत सातवी झाले, त्यापेक्षा जास्त या हॉलमध्ये शिकले. आणि वहीत काय असतं? बेड चार, स्लीप गुड. बेड सात, बाथ डन. बेड एक, नो ईट. सगळे एकेक तुकडे, पुढे-मागे काही नाही. बेड एकचा तुकडा तर तीन आठवडे तोच आहे. नो ईट, नो ईट, नो ईट. का ते कुणी लिहीत नाही.

बेड एकच्या आजोबांना मागच्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हं' एवढंच येतं. पण जेवायचे! हातानं भरवावं लागायचं, तरी व्यवस्थित जेवायचे. आता चमचा जवळ नेला की दात घट्ट. दूध आणि पाणी तेवढं घेतात, औषध घेतल्यासारखं. मनगट बघवत नाही.

६ मार्च, शुक्रवार

वर्गात आज प्रत्येकानं कामावरचं वाक्य आणायचं होतं. मी लिहिलं, ही डज नॉट ईट. बिकॉजचा चिमटा. आणि पुढे, ही इज अँग्री लाइक न्यू ब्राइड. नव्या नवरीसारखे रुसलेत! न्हाव्यानं टाळी दिली.

बाई हसल्या नाहीत. "मावशी, खरंच रुसलेत?"

"काय माहीत."

"मग बिकॉज लावता येणार नाही. कारण माहीत असलं तरच तो चिमटा लावायचा."

माझी नवरी त्यांनी काढून घेतली. पहिली पट्टी दोरीवर तशीच राहिली, एकटीच लोंबकळत. म्हणाल्या, "दुसरी शोधून आणा."

चिमट्यानं नाक दाबल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. खरंच, का जेवत नाहीत?

७ मार्च, शनिवार

डॉक्टर आले. वजन बघितलं, वही बघितली. पुढच्या शनिवारपर्यंत जेवले नाहीत तर नाकातून नळी. मुलाला बोलावलंय, तो येऊन कागदावर सही करेल.

मी आपली सवयीनं चेष्टा करायला गेले. "आजोबा, आता नाकानं जेवायचं बरं का! चव कशी कळणार?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यातून पाणी आलं त्यांच्या.

जीभ आहे का काय आहे माझी.

८ मार्च, रविवार

दात दुखतात का म्हणून तोंडात बोट घालून बघितलं. कचकन चावले! दात उत्तम आहेत.

९ मार्च, सोमवार

गरम देऊन बघितलं. गार करून बघितलं. पातळ केलं, घट्ट केलं, चिमूटभर साखर घातली. दात घट्ट.

मोठी सिस्टर म्हणाली, "मावशी, म्हातारपण आहे. प्रत्येक गोष्टीला कारण नसतं."

असेल. पण मग ते तरी वहीत लिहा ना!

१० मार्च, मंगळवार

आज एक गंमत दिसली. जेवणाची ट्रॉली पहिली त्यांच्याकडेच येते. त्यांचं ताट ठेवून पुढे जाते, दोन, तीन, चार. आजोबांचे डोळे ट्रॉलीबरोबर जातात. पार शेवटपर्यंत. मला वाटलं, ट्रॉली ढकलणाऱ्या पोरीकडे बघतायत. म्हटलं, "आजोबा, नजर कुठे? नातसून शोभेल ती!"

पण नाही. पोरगी पाणी आणायला बाहेर गेली तरी डोळे तिकडेच. कुणाच्या ताटात काय पडलं ते बघत होते. बेड पाचच्या आजीची वाटी रिकामीच राहिली होती. आजोबा डाव्या हातानं माझा पदर ओढायला लागले. हं! हं! मी जाऊन वाटी भरली, तेव्हा सोडला.

वर्गात सांगितलं. बाईंनी डोळे बारीक केले. "काय काम करायचे ते?"

फायलीत लिहिलंय, कंपनीत नोकरी.

"कंपनीत म्हणजे काय, मावशी?"

अरे! हे मी का नाही विचारलं?

११ मार्च, बुधवार

मुलगा आला होता, कागदपत्रांसाठी. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चांगलं पेन. बापाच्या पायापाशी उभा राहतो, उशाशी जात नाही.

मी विचारलं, "दादा, बाबा कंपनीत काय करायचे?"

"कंपनीतच होते."

"हो, पण काय करायचे?"

इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच, "कँटीनला होते."

"म्हणजे आचारी?"

मान हलवली. जशी काही चोरी कबूल केली. बत्तीस वर्षं आचारी! चारशे माणसांचं जेवण रोज! आणि हा माणूस ते लपवतोय.

"घरी कधी जेवायचे?"

"आमच्याबरोबर कधीच नाही. सगळ्यांचं झाल्यावर. आई चिडायची. मीही चिडायचो. आठवतंय तसं एकदासुद्धा आम्ही बापलेक शेजारी बसून जेवलो नाही." आणि पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

मी तिथेच खुर्चीवर बसले. चार आठवड्यांपूर्वी आजोबा बेड नऊवर होते. अगदी शेवटी. तिथलं छत गळायला लागलं म्हणून दाराशी आणलं, बेड एकवर. आणि सगळ्यात अशक्त म्हणून मोठ्या सिस्टरनं सांगितलं, ताट पहिलं त्यांना. मायेनं केलं हो तिनं! पण ज्यानं जन्मात आधी घास घेतला नाही, त्याला आम्ही रोज सगळ्यांच्या आधी ताट देतोय. बाकीच्यांचं होईपर्यंत अर्धा तास जातो. अर्ध्या तासानं ताट उचलायचा नियम.

दुसरी पट्टी मिळाली!

१२ मार्च, गुरुवार

मोठ्या सिस्टरच्या मागे दिवसभर भुणभुण केली. शेवटी हात टेकले तिनं. "उद्या एकच दिवस ट्रॉली उलटी नेऊ. मग परत हा विषय काढायचा नाही."

१३ मार्च, शुक्रवार

ट्रॉली नऊपासून निघाली. आठ, सात, सहा. सगळ्यांची जेवणं झाली. ताटं उचलली. मग मी बेड एकचं ताट घेतलं, चमचा भरला.

दात घट्ट.

मोठ्या सिस्टरनं ताट उचलून ट्रॉलीवर ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

वर्गाला जाणार नव्हते. मग म्हटलं, ती पट्टी तरी काढून आणावी. गेले, दोरीवरून पट्टी ओढली, आणि रडूच फुटलं. मला! सगळ्यांना रडेपर्यंत हसवणारीला! बाईंनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. आचारी, बेड नऊ, उलटी ट्रॉली.

न्हावी टक्कल खाजवत ऐकत होता. म्हणाला, "मावशी, माझी दाढी मी कधी करतो?"

"मला काय करायचंय तुझ्या दाढीचं!"

"ऐका तर. गिऱ्हाइकं संपल्यावर नाही करत. माझे दोन कारागीर आहेत, ते हात धुऊन घरी गेले की मग करतो. माणसं कामात असताना मालक आरशासमोर बसला तर बरं दिसत नाही. तुमचे आजोबा जेवणाऱ्यांचं बघतात, तसं वाढणाऱ्यांचंही बघत असतील. तुम्ही जेवला होता का?"

कुठली जेवते! डबा पिशवीत तसाच होता.

बेड नऊला लागून आमचं टेबल होतं. आजोबांना भरवायला वेळ लागतो, म्हणून आम्ही आधी आमचा डबा खायचो, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि मग निवांत भरवायला बसायचो. बेड एकवरून ते टेबल दिसत नाही. आणि आज मी उपाशीपोटी त्यांच्यासमोर चमचा घेऊन उभी!

न्हाव्याला म्हटलं, "तुझ्या डोक्यावर नाही, पण डोक्यात आहे रे बाबा." आता आयुष्यभर त्याच्या टकलाची चेष्टा नाही. बरं, महिनाभर नाही.

मग बाई आणि मी बसलो. त्या म्हणाल्या, "मी लिहून देत नाही. तुम्ही लिहा. मी फक्त चिमटे देते." एक तास! तीन कागद फाडले. बाहेर पडलो तेव्हा वाचनालयवाला किल्ल्या वाजवत उभा होता.

१४ मार्च, शनिवार, सकाळ

वहीत लिहिलं, कडेपर्यंत, ओळ मोडून खालच्या ओळीत. ही डज नॉट ईट बिकॉज ही वॉज कुक, अँड कुक ईट्स आफ्टर ऑल पीपल. यस्टरडे वी गेव्ह हिम लास्ट, बट वी डिड नॉट ईट, सो टुडे वी ईट फर्स्ट. प्लीज वेट.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. काहीतरी विचारलं. मोठी सिस्टर म्हणाली, "कुणी लिहिलं विचारतायत."

"मी," म्हटलं. मग परत, "आय."

डॉक्टरांनी नळीची पिशवी टेबलावर ठेवली आणि घड्याळ दाखवलं. एक वाजेपर्यंत.

१४ मार्च, दुपार

बेड एकच्या समोर खुर्च्या टाकून आम्ही जेवलो. मी, ट्रॉलीची पोरगी, मोठी सिस्टरसुद्धा. आजोबा एकेकीच्या डब्यात बघत होते. आमचं झालं. मी हात धुतले, चमचा भरला.

दात घट्ट.

एकला दहा कमी. आजोबा माझ्याकडे बघतच नव्हते. पायापाशी मुलगा उभा होता, हातात सहीचा कागद, त्याच्याकडे बघत होते. "हं," म्हणाले. परत, "हं!"

मुलगा म्हणाला, "मी जेवून आलोय, बाबा."

मी म्हटलं, "दादा, बत्तीस वर्षं उपाशी तोंडं बघितलेला माणूस आहे तो, त्याला नका फसवू."

त्यानं कागद खिडकीत ठेवला. उशाशी येऊन बसला. ताट मांडीवर घेतलं आणि खायला लागला, मान खाली घालून, लहान पोरासारखा, भराभर. अर्धं ताट संपलं तेव्हा आजोबांनी तोंड उघडलं.