मनमाडच्या आधी

विश्रांतवाडी, पुणे १५
२४ ऑक्टोबर १९९९

प्रिय दीपा,

फोनवरची तीन मिनिटं तुझी आईच संपवते, माझ्या वाट्याला 'बरं बाबा, ठेवते' एवढंच येतं. ई-मेल करायला नाक्यावर जावं लागतं आणि तिथे रांगेत मागे उभा असलेला माणूस आपलं पत्र आपल्याआधी वाचून काढतो. म्हणून हा कागद. तुझ्या हातात पडायला दहा-बारा दिवस लागतील, तेवढ्यात काही बिघडणार नाही असं धरून चालतो.

बातमी तुला फोनवर कळलीच आहे, आयुष आता रात्रभर झोपतो. नऊच्या सुमारास झोपतो आणि पहाटे साडेपाचला उठून पाळण्याच्या कठड्याशी गप्पा मारतो. काल अकरावी रात्र झाली.

तुला विमानतळावर सोडून आल्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते आम्ही तुला सांगितलं नव्हतं. पोरगं दर दीड तासाने उठायचं. तुझी आई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची, मी मागे बाटली घेऊन. अभिनवराव कारखान्यातली दुसरी पाळी संपवून भोसरीहून यायचे आणि बूट न काढताच त्याला घ्यायचे. त्याला खाली ठेवलं की परत सुरू. लोहगावची लढाऊ विमानं डोक्यावरून गेली तरी त्याची झोप मोडत नाही, पण मी दाराची कडी लावली की मोडते. शेजारच्या इंदुबाईंनी सांगितलं, जायफळ उगाळून द्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काही द्यायचं नाही. तो दिवसा किती झोपतो ते सांगा." आम्हा दोघांनाही सांगता येईना.

मग मी वही केली. अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत, दोष शोधायचा तर नोंद हवी. चार दिवसांत दोष सापडला, तो आम्हीच होतो. रात्री झोप झाली नाही म्हणून तुझी आई त्याला संध्याकाळी सात वाजेपर्यंत झोपू द्यायची, आणि मी जरा हूं झालं की तोंडात बाटली द्यायचो. डॉक्टरीणबाई वही बघून हसल्या. म्हणाल्या, दुपारची झोप चारच्या आत संपवा, रोज ठरल्या वेळी अंघोळ, दूध, दिवा मंद, आणि तो जागा असतानाच पाठीवर निजवा. कुरकुरला तर लगेच उचलू नका, शेजारी बसून छातीवर हात ठेवा. तुझ्या आईला हे अजिबात पटलं नाही. "पोराची आई सातासमुद्रापार, आणि मी त्याला रडत ठेवू?" म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

त्याच आठवड्यात धायरीच्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि तुझ्या आईला एक रात्र तिकडे राहावं लागलं. अभिनवराव पाळीवर. मी आणि आयुष, दोघंच. अंघोळ घातली, दूध दिलं, दिवा बारीक केला, निजवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता पुढे काय. पुढे काय ते मलाही माहीत नव्हतं. छातीवर हात ठेवला आणि अंगाई म्हणावी म्हटलं, तर एकही येईना. तेव्हा जे पाठ होतं ते सुरू केलं. पुणे, दौंड, नगर, बेलापूर, कोपरगाव. वर्ध्याच्या गाडीची सगळी स्टेशनं, हळू, एकेका स्टेशनवर थांबत. दोनदा कुरकुरला, एकदा चांगला रडला. माझे हात शिवशिवत होते, पण उचलला नाही. मनमाड यायच्या आधीच गडी झोपला. मी मात्र त्याचा श्वास ऐकत पार भुसावळपर्यंत म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तुझी आई आली, तिने वही वाचली. संध्याकाळी चार वाजता तिनेच त्याला उठवला. आता ती म्हणते की ही युक्ती मूळची तिचीच.

दीपा, आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. परवा अभिनवरावांनी सांगितलं की पोरगं तुझ्याशिवाय झोपायला लागलं हे ऐकून तू फोनवर खूप रडलीस, आणि काम अर्धवट टाकून दिवाळीच्या आत परत यायचं म्हणते आहेस. मला अंगाई येत नाही याचं कारण तुला माहीत आहे, आपण कधी बोललो नाही इतकंच. तू झालीस तेव्हा मी इथे खडकीत चौघांत एक खोली घेऊन राहत होतो आणि तू वर्ध्याला. तीन वर्षांची होऊन पुण्याला आलीस तेव्हा मला बघून आईच्या पदरात तोंड खुपसलंस आणि विचारलंस, हे काका कधी जाणार. त्या रात्री मी गॅलरीत जाऊन बसलो होतो. आठ दिवस तू जवळ आली नाहीस. नवव्या दिवशी आपण होऊन माझ्या चपला घालून दारात उभी राहिलीस, मला पण ने म्हणून. तो रडतो म्हणून येऊ नकोस, आणि रडत नाही म्हणून तर मुळीच येऊ नकोस. ज्यासाठी गेलीस ते काम पुरं कर आणि तिकिटावर आहे त्या पंधरा जानेवारीलाच ये. कदाचित तोही आठवडाभर तुझ्याकडे यायचा नाही. तेव्हा मी काही बोलणार नाही, तुझ्या आईलाही बोलू देणार नाही, फक्त गॅलरीत तुझ्याशेजारी येऊन बसेन.

तुझाच, हल्ली रात्रभर झोप मिळणारा,
बाबा