शेंदराचा दगड

प्रिय अक्षता,

निकाल कळला. रान पुन्हा तुमच्या नावावर होणार. शाळेत आपण एका बाकावर बसायचो आणि कोर्टात तुझे बाबा विरुद्ध माझे बाबा. आता ते दोघंही नाहीत. तुझं अभिनंदन लिहायला हात उचलत नाही, राग मानू नकोस.

आमचं गाव धरणात बुडालं तेव्हा सरकारनं हातकणंगल्याचं तुमचं रान काढून आम्हाला दिलं. तिथं आमचं असं काहीच नव्हतं. लिंबाखाली एक दगड दिसला, रानाचा राखणदार समजून आईनं त्याला शेंदूर लावला. दर अमावस्येला त्याच्यापुढं कुणीतरी दूध ओतून जायचं. एकदा आईनं तुझ्या आईला, मीनाकाकूंना, तिथून जाताना पाहिलं. जमीन गेली म्हणून त्या करणी करतात, असं ती वस्तीभर सांगत सुटली. मीही तुझ्याशी बोलणं टाकलं. का, ते तू कधी विचारलंही नाहीस.

पुढं मी मुरगूडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी पाचवीआधीच गेली. आमची सगळी माती पाण्याखाली, तिला ठेवायचं कुठं हेच कुणाला सुचेना. तेवढ्यात मीनाकाकू आल्या, कुणी सांगितलं देव जाणे. आईला म्हणाल्या, "शेंदूर लावलासा त्यो देव न्हवं. माजा पोरगा हाय तितं. हिला त्येच्याशेजारी ठेवा, एकटी नगं." तुझा थोरला भाऊ, तुला ठाऊक असेलच. काकू गेल्यापासून आई दोघांसाठी दूध ओतते.

इकडं मुरगूडला उसातून वारा गेला की मला रडणं ऐकू येतं. एकाचं नाही, दोघांचं. नवरा म्हणतो, भास आहे. असेलही. पण मी भर दुपारीसुद्धा उसाकडच्या वाटेनं जात नाही.

माझा भाऊ दिवाळीआधी रान सोडतोय. आता अपील करू नकोस, असं मीच त्याला सांगितलं. तू तिकडं शहरात, राजारामपुरीत राहणार, रान दुसऱ्या कुणाला कसायला देशील, तो ट्रॅक्टर घालेल. तुमच्या दगडाला तो हात लावणार नाही. पण माझ्या मुलीवर आम्ही दगड ठेवलेला नाही. रान आपलं राहील याची बाबांना कधीच खात्री नव्हती. काकूंनी तिच्याबद्दल तुला सांगितलं नसावं, म्हणून हे पत्र. दगडाच्या उगवतीला हातभर जागा नांगरायची सोड. आणि अमावस्येला गेलीस, तर दूध थोडं जास्त ने.

अजून तुझीच,
स्नेहल