आधी तुझा चेहरा

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं तिकीट निघाल्याचं कळलं आणि घरात एकच गडबड उडाली. मुंगीने कॅलेंडरवर तुझ्या येण्याच्या तारखेला एवढा मोठा सूर्य काढलाय की अलीकडचे-पलीकडचे दिवस त्याखाली गडप झालेत. तिचा वरचा पुढचा दात पडला, त्यामुळे 'मावशी'तला 'श' सध्या शिट्टीसारखा वाजतो. तिच्या बाबाची बदली टळली. मागच्या खोलीला रंग दिलाय, तुझी सोय तिथेच. मी शिवणकाम परत घ्यायला लागले आहे, पडदे, उशांचे अभ्रे, असलंच बिनघाईचं. तुझी पाठ कशी आहे? शेकतेस का, की नुसतीच हो म्हणतेस?

माझ्या पायाचं तू दर फोनला विचारतेस आणि मी दर वेळी 'बराय' म्हणते. पण तू येण्याआधी नीट सांगायला हवं, आणि फोनवर ते व्हायचं नाही. तू मध्येच काहीतरी विचारशील आणि मी पुन्हा 'बराय' म्हणून मोकळी होईन. म्हणून पत्र.

आधी हॉस्पिटलमधल्या एका बाईंबद्दल सांगते. तिथे व्यायामाचा लांबलचक हॉल आहे, मधोमध हाताने धरून चालायला दोन दांडे, आणि भिंतीला बाकं. या बाई बँकेत कॅशियर. चांगल्या जाडजूड, घाबरट आणि तोंडाने फटकळ. साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. माझा डावा.

झालं लिहून. आता जरा बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

ट्रकचा धक्का लागला, हाड मोडलं, हे तुला सांगितलं होतं ते सगळं खरं. पुढे जखम चिघळली, आणि एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की आता पाय ठेवला तर जीव जाईल. व्हिडिओ कॉलवर मी नेहमी टेबलाला टेकून का बसते ते आता तुला कळेल. मुंगीच्या बाबाला मीच शपथ घातली होती, त्याच्यावर चिडू नकोस. 'ताई सगळं टाकून धावत येईल' असं मी त्याला कारण दिलं. पण खरं कारण वेगळं होतं.

लहानपणापासून मी कुठलीही गोष्ट तुला करताना बघूनच शिकले. तू सायकलवर तोल सावरलास, म्हणून मी बसले. शाळेत लस टोचली तेव्हा दाराच्या फटीतून मला तुझी पाठ दिसत होती. ती हलली नाही, म्हणून मीही रडले नाही. तू डोळे गच्च मिटून घेतले होतेस हे तू मला लग्नानंतर सांगितलंस! पहिली नोकरी, पहिलं बाळंतपण, प्रत्येक वेळी तू पुढे आणि मी मागे. या वेळी पुढे बघितलं तर कुणीच नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तूही घाबरली असतीस, आणि तुला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते बघायची माझी हिंमत नव्हती.

नवा पाय मिळाला तेव्हा फिजिओथेरपिस्ट मॅडम मला सगळं करून दाखवायच्या. टाच अशी, गुडघा असा, वजन इकडे. एकदा मी सरळ म्हणाले, "मॅडम, तुमचे दोन्ही तुमचेच आहेत. तुम्हाला काय जातंय दाखवायला?" त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज व्यायाम नको. त्या बाकावर बसा आणि कॅशियर बाईंना बघा."

मी बसले. त्या बाई शिकण्यात माझ्या थोड्याच पुढे होत्या, आणि चालत होत्या अगदीच वाईट. दांडे सोडले, चार पावलं टाकली आणि धप्पकन पडल्या. "च्यायला!" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. मॅडम धावल्या तर बाई म्हणाल्या, "थांबा हो, माझी मला उठू द्या." मग कुशीवर वळल्या, चांगला गुडघा टेकला, खुर्ची ओढली आणि पुटपुटत, घामाघूम होत उभ्या राहिल्या. माझ्या लक्षात आलं, मी बाकाची कड घट्ट धरली होती आणि माझाही गुडघा दुमडला होता. मॅडम इतक्या छान चालून दाखवायच्या, पण पडल्यावर काय करायचं ते मला कुठे दिसलं होतं? त्या दिवशी दिसलं. आणि मनात आलं, या बाईंना जमतंय, तर मला का नाही?

आठवडाभराने मी दांडे सोडले. कॅशियर बाई बाकावरून ओरडल्या, "माझ्यापेक्षा बरं चाललात तर बोलणार नाही हं!" अजूनही आम्ही फोनवर बोलतो.

पण हे सगळं हॉस्पिटलात. घरी मी निराळीच होते. पाय लावायचा-काढायचा तो दार लावून. मुंगी आत आली की पांघरूण ओढून घ्यायचं. भाजी चिरतेस का, गच्चीवर येतेस का, कुणी काही म्हटलं की हात झटकून 'नको, मला नाही जमणार.' मला वाटायचं, मुलीला त्रास नको. तिने काही बघायला नको.

मग तिच्या बाईंनी आम्हाला शाळेत बोलावलं. मुंगी मैदानात जात नाही. झोपाळा नको, शिडी नको. बाई म्हणाल्या, "काहीही सांगा, हात असा झटकते आणि म्हणते, नको, मला नाही जमणार." बाईंनी हात झटकून दाखवला. मुंगीच्या बाबाने माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघितलं. तो हात माझा होता, ताई. मी पाय लपवला आणि तिने बाकीचं सगळं उचललं.

त्या संध्याकाळी मी दार उघडं ठेवलं आणि तिला हाक मारली. आधी मोजा, मग पाय आत, मग टक्क असा आवाज. तिने विचारलं, "दुखतं?" म्हटलं, "दुखतं. थोडं." तिला तो 'टक्क' फार आवडला. दोनदा परत करायला लावला.

नंतर एकदा स्वयंपाकघरात ओल्या फरशीवरून सटकले, तिच्यासमोरच. बाबा धावला, त्याला हाताने थांबवलं. कुशीवर वळले, गुडघा, स्टूल, आणि उठले. तोंडातून कॅशियर बाईंचा शब्द गेलाच. मुंगीने सगळं डोळे फाडून बघितलं, आणि त्यातून पहिल्यांदा काय शिकली असेल? शाळेत दुसऱ्याच दिवशी 'च्यायला' म्हणाली. पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आम्ही दोघंही बाईंसमोर हसू दाबत बसलो होतो.

शिडीवर ती अजून अर्ध्यापर्यंतच जाते. मग खाली बघते, थोडी थांबते आणि उतरते. मी कडेला उभी असते. मीही अजून गच्चीपर्यंत पोचलेले नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. स्टेशनवर मुंगीचा बाबा एकटाच येईल, मी मुद्दाम येणार नाही. काय रडायचं ते त्याच्यासमोर रडून घे, त्याला सवय आहे. घराचं दार मी उघडेन, चालत येऊन. मुंगी माझ्या शेजारी उभी असेल. ती माझ्याकडे बघणार नाही, मी तिच्या सवयीची झाले आहे. ती आधी तुझ्या चेहऱ्याकडे बघेल. आईचं जे झालंय ते केवढं मोठं आहे, हे ती त्या चेहऱ्यावरून ठरवेल.

मीही तिथेच बघणार आहे. पण डोळे मिटावेसे वाटले तर मिटून घे. या वेळी मी समोरून बघत असेन, आणि घाबरलेली ताई मला चालेल.

तुझी,
धाकटी