ऐश्वर्याचं ऑर्किड

३ फेब्रुवारी
आले एकदाची डोंगरकड्याला. कृषी सहायक म्हणून पहिलीच नेमणूक, तीही केळीच्या गावात. आई आमच्या गावाहून, हट्ट्याहून, सोडायला आली होती. तिनं खोलीचा नळ, कडी, खिडकीचे गज सगळं हलवून पाहिलं आणि मग घरमालकीणबाईंना सांगितलं, की आरोही हुशार हाय, पर जेवायचं ध्यान न्हाई तिला, जरा बघत जा. नोकरीला लागले तरी आईच्या लेखी मी लेकरूच. बस सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालूच होत्या.

घरमालकीण पद्माबाई एकट्याच राहतात. अंगणवाडी सेविका होत्या, आता निवृत्त. बोलणं कमी, पण माझं सामान उचलायला माझ्याआधी त्याच पुढे. माझ्या मागच्या दाराशी आंबट चुक्याचा छान वाफा आहे. त्या म्हणाल्या, सांध्यांमुळं मला आंबट चालत न्हाई, तूच खुडून खात जा. माझी तर चंगळच.

५ फेब्रुवारी
पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली, खिडकीत, एक ऑर्किड आहे. डोंगरकड्यात ऑर्किड, म्हणून आधी हसूच आलं. जवळ जाऊन पाहिलं तर पानं सुरकुतून लोंबलेली, बुडखा काळपट. आता जाते की मग जाते, अशी गत.

पद्माबाईंच्या मुलीनं, ऐश्वर्यानं, ते पुण्याहून आणलं होतं. तिथं नोकरीला होती ती. गेल्या वर्षी काविळीनं गेली. माझ्याच वयाची. हे सगळं त्यांनी ज्वारी निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता. मग विचारलं, तू झाडायची डाक्टर हायस म्हनं, हे जगल का? मी म्हणाले, न जगायला काय झालं. असं छातीठोक बोलायची मला खोडच आहे. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

११ फेब्रुवारी
पद्माबाई भाचीच्या लग्नाला कळमनुरीला गेल्यात, चार दिवस तरी येणार नाहीत. म्हटलं, त्या यायच्या आत झाड ताजंतवानं करून ठेवू.

कुंडीतून उपटलं तर आत सगळी राख. ओली होऊन चिखलासारखी घट्ट बसलेली. आपल्याकडे बायका कुठल्याही झाडाला चुलीतली राख घालतात, वांग्याला काय आणि गुलाबाला काय. पण ऑर्किडच्या मुळांना हवा लागते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बिचारी मुळं गुदमरून सडली होती.

राखेसकट बादलीत बुडवून मुळं स्वच्छ धुतली. सडकी कापून टाकली, कापल्या जागी हळद लावली. नव्या कुंडीला भोकं पाडली, नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडे भरले आणि त्यात झाड बसवलं. राहिलं बादलीभर राखाडी पाणी. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी फेकायला मन होत नाही, आणि राख भाजीपाल्याला चांगलीच. चुक्याच्या वाफ्यात ओतलं.

१४ फेब्रुवारी
चुका काय तरारलाय. रोज तोच खाते आहे. डाळ-दाणे घालून, लसणाची फोडणी. चव आईच्या हातच्यापेक्षा वेगळी आहे, जरा जड.

१६ फेब्रुवारी
पद्माबाई आल्या. कुंडी पाहून हसतील असं वाटलं होतं. त्या खालीच बसल्या. विचारलं, यातली राख कुठं हाय?

ती ऐश्वर्याची होती. भावकीनं तिची रक्षा शेतात खड्ड्यात घालून वर आंबा लावला, आता सगळे तसंच करतात. पद्माबाईंनी मात्र सगळ्यांचा डोळा चुकवून ओंजळभर ठेवून घेतली. म्हणाल्या, तिला ऊन सोसत नव्हतं, शेतात कशी सोडू? म्हणून तिच्याच झाडात ठेवली. त्यानंच झाड मरत होतं, हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही.

पाणी कुठं ओतलं ते सांगितलं. भाजी खाल्ली, तेही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

रडू आवरत नाही. एका आईपाशी लेकीचं जेवढं उरलं होतं, तेवढं मी धुऊन काढलं.

२१ फेब्रुवारी
केळीच्या शेतात पाहणीला गेले आणि उन्हानं भोवळ आली. उन्हात वाढलेली पोर मी. आरशात डोळे पिवळे दिसले. रक्त तपासलं, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, मनाची तकलीफ हाय, आराम करा.

२५ फेब्रुवारी
ऑर्किडला नवं मूळ फुटलं आहे, टोकाला हिरवं. ते दाखवायला मी हाक मारली. आई, अशी. पद्माबाईंच्या हातातली पळी पडली. मग त्यांनी मला जवळ बसवून केस विंचरले आणि मी विंचरू दिले. बरं वाटलं, तेच भयंकर आहे.

मिठाचा डबा कुठे असतो, हे मी त्यांना कधीच विचारलेलं नाही. मला माहीत आहे. पुण्यातला एक जिना आठवतो. मी पुण्याला कधी गेलेली नाही.

२ मार्च
पद्माबाई म्हणाल्या, तू हितून जा, बाई. तुझ्या घरी जा. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, आजच्या दिस ऱ्हा. उद्या जा.

उद्याही हेच म्हणतील. मलाही जावंसं वाटत नाही — कुठे जायचं ते —

५ मार्च
हट्ट्याहून फोन. आवाज ओळखायला वेळ लागला. आईचा होता. माझ्या आईचा. तिनं विचारलं, जेवलीस का. मी म्हणाले, आपण कोण?

पलीकडे — रडणं.

७ मार्च
आईचं नाव सुमन. लिहून ठेवते. सुमनबाई. मी आरोही. आईच्या कपाळावर — नाही, हातावर — भाजल्याचा डाग. डोळे मिटले की पद्माबाईंचाच चेहरा येतो. आई, मला विसरू नकोस. मीच तुला —

मी आरोही. आरोही.

९ मार्च
कळी धरली आहे. आई दिवसभर खिडकीशी बसून होती. किती दिवसांनी हसली. मग मला पाहून हसायची थांबली. कुणाला तरी फोन लावून हळू बोलत होती.

१० मार्च
दारात एक बाई आली. मला कवटाळून रडली. म्हणते, मी तुझी माय हाय. चांगली आहे बिचारी. लेकरू हरवलं असणार तिचं. तिच्या हातावरच्या भाजल्याच्या डागावरून मी बोट फिरवलं, का ते कळत नाही.

मला वाटलं, आई तिला समजावेल. पण आईनंच माझे कपडे पिशवीत भरले. तिला म्हणाली, तुझी हाय, तू घेऊन जा, तिला मागं बघू देऊ नको. माझी तर कवाच गेली.

काहून असं म्हणाली? मी तर आत्ता कुठं घरी —

ओट्यावर बसून लिहिते आहे. फाट्याला जायची रिक्षा आली. ती बाई माझा हात सोडत नाही. आई आत गेली, दार लावून घेतलं, दाराला पाठ लावून बसली असणार. तिचं रडणं इथवर येतं. आई, मी आले आहे ना. आई, दार उघड, मी तुझी —