एका वर्षात गेलेली नजर

अण्णा, गेल्या आठवड्यात मी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, हिंदीत भाषणं झाली. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, रोगावर मी जन्मभर काम केलं, पण सगळ्यांनी कौतुक केलं ते माझ्या एकाच निबंधाचं. कुठकुठल्या देशांतले संशोधक अजून त्याचा आधार घेतात म्हणे. टाळ्या वाजत होत्या आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं. तो निबंध तुमच्या डोळ्यांवरचा आहे. त्यात तुम्ही माझे वडील नाही, फक्त 'बनारसचे एक पुरोहित' आहात, आणि तुमची नजर एका वर्षात गेली असं मी लिहिलं आहे.

बालाजी घाटावरच्या आपल्या घरात तुम्ही सकाळी खिडकीशी पाटावर बसायचात. पोथी तोंडपाठ होती, तरी ती समोर ठेवूनच वाचायची हा तुमचा नेम. सुटं पान संपलं की दोन बोटांनी उलटायचं. मला स्तोत्रं शिकवताना एक अक्षर चुकलं की तुम्ही पहिल्यापासून म्हणायला लावायचात. मी रडकुंडीला यायची. "रो मत. चुकलं ना, मग शुरू से," म्हणायचात. माझी आतेभावंडं अंगणात खेळत असायची आणि मी चौथ्यांदा तेच म्हणत असायची. त्याचा मला अजून राग आहे, खोटं कशाला बोलू?

मी डॉक्टर झाले, विद्यापीठात लागले, आणि तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर पडलात. आई म्हणाली, "जरा अण्णांचे डोळे बघ गं." मी तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली. तुम्ही विचारलंत, "कुछ फायदा होईल का गं?" मी म्हणाले, होईल की. फोटो बघून आमचे सर थबकले. "इतने पुराने दाग? कब से नहीं दिखता?" मी छातीठोकपणे सांगितलं, सर, पिछले साल तक रोज पोथी पढ़ते थे, मैंने खुद देखा है. इतक्या झपाट्यानं वाढलेला हा रोग कुणी पाहिला नव्हता. सरांनी खांद्यावर थाप मारली. तुम्हाला नीट विचारायला हवं होतं, पण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं ना.

निबंध छापून आला त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर आईनं पोथी ऊन द्यायला गच्चीवर ठेवली आणि माकडांनी पानं उधळली. आईला अक्षरओळख बेताची. तिनं गोळा करून जशी हाती आली तशी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन तुमच्याशेजारी बसले. तुम्ही तिसरा अध्याय म्हणत होतात, एकही अक्षर न चुकता, आणि समोर पान होतं अकराव्याचं. ते तुम्ही वेळेवर उलटलंत. खाली नवव्याचं निघालं.

"अण्णा, कधीपासून?"

"सात-आठ साल झाली असतील. रोशनी हळूहळू गेली."

"मग बोलला का नाहीत? मी तर एका वर्षात गेली असं छापलंय."

"आंधळ्याला श्राद्धाला कोण बसवतो? यजमान लोक कुणा दुसऱ्याला बोलावते. तू मशिनीसमोर बसवलंस तेव्हा वाटलं, आता हिला कळलंच."

मला कळलं नव्हतं. एका वर्षाची सात-आठ वर्षं झाली की माझ्या निबंधात काहीच उरत नव्हतं. बढतीचा अर्ज गेलेला होता. मी गप्प बसले, आणि तुम्ही गेल्यावर गप्प बसणं आणखी सोपं झालं.

मग एकदा गाझीपूरकडची एक बाई माझ्याकडे तपासणीला आली. प्राथमिक शाळेत शिकवायची. तिच्या डॉक्टरनं माझाच निबंध वाचून तिला सांगितलं होतं की वर्षभरात अंधार होईल. तिनं नोकरी सोडली, ठरलेलं लग्न मोडलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. माझ्या टेबलावरची औषधाची चिठ्ठी उचलून तिनं घडाघडा वाचली. "अभी भी दिखता है, मैडम. तो वो साल भर वाली बात किसने लिखी थी?" मी म्हणाले, पता नहीं. तिला थेंब लिहून दिले. त्या थेंबांचा काही उपयोग नव्हता. अशा आणखी किती जणी असतील, कोण जाणे.

आज सकाळी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसले होते. चार ओळींचं काम. तारखेखाली एक ओळ लिहिली आणि मग हे तुम्हाला लिहीत सुटले. पोथी कपाटात आहे, पानं अजून तशीच उलटसुलट.

शेवटच्या आजारपणात तुम्ही एका दुपारी विचारलं होतंत, "ते माझं सालाचं छापलेलं, दुरुस्त केलंस ना गं?" मी हो म्हणाले. तुम्ही "शाबास" म्हणालात आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केलात. शाबास तुम्ही मला जन्मात तेवढं एकदाच म्हणालात, आणि ते मी ठेवून घेतलं.