माझ्या पहारेकऱ्यांची बाजू

चि. प्रश्नावली हिला (लहानपणी ठेवलेलं नाव अजून शोभतं, आता तर प्रश्न विचारण्याचाच पगार घेतेस),

काकाचे आणि काकाच्या दोन्ही किडन्यांचे अनेक आशीर्वाद. त्यांची तब्येत बरी नाही, पण आशीर्वाद देण्यापुरत्या त्या ठीक आहेत. तू बरी असशील, आणि तुझे प्रयोगशाळेतले उंदीर तुझ्यापेक्षा वेळेवर जेवत असतील असं धरून चालतो.

तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवलीस तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. तू समजावलंस ते असं (चुकलं तर कान धर): शरीरात पहारेकरी असतात, त्यांनी बाहेरून आलेल्या रोगजंतूंना बदडायचं असतं, माझ्या पहारेकऱ्यांनी मात्र घरच्याच किडनीला चोर समजून धरलं आणि तिची गाळणी फाडली. म्हणून त्या गोळ्या, पहारेकऱ्यांना पेंगुळवणाऱ्या. अगं, पण हे तू सांगत कुणाला होतीस? उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांचा मुकादम म्हणून काढलेल्या माणसाला! आमच्या एका पहारेकऱ्याने खुद्द मालकाला ओळखपत्र नाही म्हणून उन्हात उभं केलं होतं. मालक लालबुंद झाला, आणि मी त्या पहारेकऱ्याची पाठ थोपटली. त्यामुळे मला पहिली शंका हीच आली, की किडनीनेच काहीतरी केलं असणार. उगाच कोण कुणाला मारतं? (तुझी काकू म्हणते, उगाच मारणारेच जास्त असतात. पण ती कधी फाटकावर बसलेली नाही.)

मग तू सूक्ष्मदर्शकातून किडनीचा काप दाखवलास. काळोखात हिरवी चमकणारी वेटोळी. मी म्हटलं, वा, छान! तू म्हणालीस, "काका, छान कसलं? हिरवं दिसतंय तिथे तिथे पहारेकऱ्यांनी धरलंय." मी घाबरून विचारलं, ही माझी का? तर ती उंदराची निघाली. त्या उंदराने काय गुन्हा केला होता हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. (उलट ते तुलाही अजून कळलेलं नाही, तेच शोधतेयस म्हणालीस. एवढं शिकून!) पुढे काचेच्या खोलीत दुसरेच उंदीर, जन्मापासून पहारेकरीच नसलेले. त्यांच्याजवळ जायचं तर अंगभर झगा आणि तोंडाला फडकं, कारण त्यांना साधी सर्दीसुद्धा झेपत नाही. आता मला सांग, पहारेकरी नसले की उंदीर मरतो हे तूच दाखवायचंस, आणि माझ्या पहारेकऱ्यांना गोळ्या देऊन तूच निजवायचंस? मी घरी येऊन नीट विचार केला आणि गोळ्या बंद केल्या. आपल्या माणसांच्या पाठीशी मुकादम उभा राहणार नाही तर कोण?

बाकी तब्येत ठणठणीत. तुझ्यावर लोभ आहेच, तो तपासायला सुई टोचावी लागत नाही.

तुझा
फाटकवाला काका

ता. क. : ठणठणीत लिहिलं ते सवयीने. पाय सुजून भोपळे झालेत, चपला चढत नाहीत. डॉक्टरांकडे जावं लागलं, तेही शेजाऱ्याच्या सपाता घालून. डॉक्टरांनी लघवीचा अहवाल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग काकूसमोरच गोळ्यांचं विचारलं. जन्मभर चोर पकडले, पण पकडल्यावर कसं वाटतं ते आत्ता कळलं.

आणखी ता. क. : डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढेमागे दुसऱ्याची किडनी लागेल. त्यावर काकू लगेच म्हणाली, "मग माझी घ्या की." बाहेर निघालेल्याला छत्री द्यावी तशी. रक्तगटही जुळतो म्हणे. मी घरी येऊन मुकाट्याने गोळी घेतली.

खरं तर पत्र लिहायला बसलो ते एवढंच विचारायला, आणि भलतीकडेच गेलो. ज्या पहारेकऱ्यांनी जन्माच्या सोबतिणीला, माझ्या स्वतःच्या किडनीला ओळखलं नाही, ते हिच्या किडनीला ओळखतील का गं? मला भीती वाटते. इतकी वर्षं माझा संसार केलेल्या बाईला माझ्याच फाटकावर कुणी ओळखपत्र विचारलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू? लागतील तेवढ्या गोळ्या सांग. सगळे पहारेकरी निजू देत, फाटकावर मी स्वतः बसतो.