उतरलेली कावीळ

आई, धाकट्याचे डोळे पुन्हा पिवळे झालेत. तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला मुद्दाम कळवावं असं माझ्याकडे काही नव्हतं. पडवीवर पत्रे आले, विहिरीला पंप बसला, हे तू न सांगताही ओळखलं असतंस. पण हे तुलाच सांगायला हवं. पहिल्यांदा ते डोळे पिवळे झाले तेव्हा स्वयंपाकघरात आपण तिघंच होतो, आणि पुढे काय करायचं ते तू आणि मी मिळून ठरवलं होतं. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

काविळीचं औषध द्यायचे तुझे वार बुधवार आणि रविवार. उजाडताच माणसं अनशापोटी अंगणात येऊन बसायची, लांज्याकडची, संगमेश्वराकडची, कधी एखाद्या नव्या सुनेला घेऊन तिची सासू. तू मागीलदारी सहाणेवर दोन मुळ्या उगाळायचीस, वाटीभर ताकात कालवायचीस आणि समोर उभं राहून प्यायला लावायचीस. मग सात दिवस मीठ नाही, तेल नाही, हळद नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा तुझा नियम. धाकटा पोटात असताना तुला स्वतःला कावीळ झाली, ती आजीने याच औषधाने उतरवली, आणि मग औषध तुझ्या हाती दिलं. ही गोष्ट तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला फक्त तुझा बिनमिठाचा भात आठवतो, आणि तो मीही हट्टाने खाल्ला होता ते.

धाकटा सव्वीस वर्षांचा असताना त्याची वेळ आली. मी रत्नागिरीत एका लॅबमध्ये नुकती लागले होते, अंगावर पांढरा कोट आल्यामुळे जरा जास्तच शहाणी झाले होते. शनिवारी घरी आले तर हा ओटीवर पडलेला, डोळे हळदीसारखे. मी तिथेच त्याचं रक्त काढलं. पुढच्या शनिवारी रिपोर्ट घेऊन आले आणि चुलीपाशी तुला सांगायला लागले की ही पाण्यातून येते ती साधी कावीळ नाही, ही बी जातीची आहे, हिचा विषाणू रक्तातून येतो आणि कधीकधी जन्मभर राहतो. तू फुंकणी खाली ठेवलीस. "काविळीला कसली आलीय गो जात? आमी जात टाकून किती वर्सं झाली, आन् तू रोगाला जात चिकटवतेस? सात दिवस जाऊं देत, मग तुजी ती नळी घेऊन ये." धाकटा हसत होता. तुझ्या औषधाच्या सातव्या दिवशी त्याचे डोळे खरंच निवळायला लागले. पंधरवड्याने तर कावीळ झाली होती हे सांगावं लागेल, असा हा ताजातवाना. तुझ्या अंगणातली गर्दी वाढली. मी मात्र महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही.

सहा महिन्यांनी मी पुन्हा रक्त नेलं. विषाणू होताच, पण त्याचं एक प्रथिन, ज्याला आम्ही ई-अँटिजेन म्हणतो, ते रक्तात नव्हतं. उलट त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेला पदार्थ सापडला. यकृताचे आकडेही ठीक. आम्हाला शिकवलं होतं की असं दिसलं की विषाणू बहुधा थंड पडलेला असतो. बहुधा. हा शब्द मी रत्नागिरीहून येताना एसटीतच सोडून आले असणार, कारण दारात पाऊल ठेवतानाच मी म्हटलं, "आई, झोपलाय तो. आता काळजी नको." खरं तर एक तपासणी राहिली होती, रक्तात विषाणू किती आहेत ते मोजायची. त्यासाठी नमुना मुंबईला पाठवावा लागायचा. मी पाठवला नाही. त्या दिवशी तुझ्याशी भांडण मिटणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. तू घावणे केलेस, नारळाचा रस काढलास आणि पहिलं ताट मला वाढलंस, त्याच्या आधी. आयुष्यात एकदाच. "दोगींचाबी गुण आला," म्हणालीस. त्याने विचारलं, "मग आता दरवर्षी रक्त द्यायला नको ना ताय?" मी तोंडात घास असतानाच मान हलवली. नको.

त्याच दिवशी दुपारी तू मला गावावरच्या कातळमाळावर, सड्यावर घेऊन गेलीस. औषध माझ्या हाती द्यायचं तू ठरवलं होतंस. एक मुळी कातळाच्या कडेला दाखवलीस, दुसरी खाली व्हाळाच्या पाण्यापाशी. पानं चुरून वास घ्यायला लावलास, खणायचं कसं ते सांगितलंस, आणि विचारलंस, "ध्यानात ऱ्हाईल ना?" मी हो म्हटलं.

आता जे कळलंय ते ऐक. गेल्या महिन्यात त्याच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मुंबईला नेलं. यकृतात गाठ आहे, मोठी, कापता येण्यापलीकडची. तिथल्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी त्याच्या विषाणूची जनुकं वाचून घेतली. तो कागद मी इतक्या वेळा वाचलाय की घड्यांवर फाटायला आला. जेमतेम तीन हजारांवर अक्षरांचा हा विषाणू, आणि त्यातलं एक अक्षर बदललेलं. त्या एका अक्षरामुळे त्याला ते ई-प्रथिन बनवताच येत नाही. बाकी सगळं येतं. वाढता येतं, यकृत पोखरता येतं. बी विषाणूच्या आपल्याकडे सापडणाऱ्या डी उपप्रकारात हे बऱ्याचदा दिसतं, असं ती डॉक्टर मुलगी शांतपणे म्हणाली. विषाणूने घरावरची पाटी उतरवली होती, आणि मी पाटी नाही एवढं बघून घर रिकामं आहे असं सांगत आले. सव्विसाव्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले ते बहुधा त्याचं शरीर पहिल्यांदा विषाणूवर उठलं म्हणून. त्या झगड्यात पाटीवाले मेले आणि बिनपाटीचे उरले. तू म्हणालीस औषधाने उतरली, मी म्हटलं तो झोपला. दोघी चुकलो, पण तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझ्याकडे होतं. तो नमुना पाठवला असता तर गोळ्या सुरू झाल्या असत्या, आणि हा अठरा वर्षं रोज एक गोळी खाऊन आंब्याच्या कलमांवर चढत राहिला असता.

त्याच्यात हा विषाणू आला कुठून, ते मुंबईचा कागद सांगत नाही. तो पोटात असतानाची तुझी कावीळ मला आठवते आणि मी पुढे विचार करत नाही. तुझी खरंच उतरली असणार. मोठ्या माणसाची बहुतेकदा उतरते. नुकत्या जन्मलेल्या पोराची उतरत नाही. हे तू जिवंत असताना मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही, एवढं एक मी बरं केलं.

डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तो आता ओटीवरच असतो, तिथून त्याला बाग दिसते. परवा मला जवळ बोलावून म्हणाला, "ताय, आयचा औषद तुला म्हाईत हाय ना? दे की. तवा उतरली होती." इतकी वर्षं रक्त तपासणाऱ्या बाईने काय सांगावं? मी सगळं सांगायला तोंड उघडलं. अक्षर, प्रथिन, माझी हललेली मान. आणि म्हटलं, रविवारपासून देते.

काल रविवार होता. सकाळी सड्यावर गेले, मुळी खणली, तुझ्या सहाणेवर उगाळली, ताकात कालवली आणि समोर उभी राहिले. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरून संपवली. तोंड वाकडं केलं आणि लहानपणीसारखा हसला. "तीच चव, ताय." तुझा वार नसतानाही आज पुन्हा दिली. मग मला उजेडाकडे वळवून म्हणाला, डोळे बघ. मी पापणी खाली ओढून नीट बघितलं. गडद पिवळे, कालच्याहून गडद. म्हटलं, "उतरतेय रे."

हे पत्र तुझ्या सहाणेखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार. आणि आई, व्हाळाकाठची ती दुसरी मुळी कुठली, ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी ऐकतच नव्हते. मी त्याला एकाच मुळीचं औषध देतेय.